गोपीनाथरावांची तब्येत

नागपूरचं सचिवालय भोपाळला हललं तेव्हा लीलावतीबाईंचा सगळा संसार ट्रंकांत भरला गेला, आणि त्या ट्रंका वर्षभर त्यांच्या भावाच्या घरी पडून राहिल्या. नवरा, गोपीनाथराव, कारकून. भोपाळात त्यांच्या वाट्याला आधी बराकीतली एक खाट आली. भावजयीचे टोमणे गिळत बाईंनी ते वर्ष कसं काढलं, त्यांचं त्यांना ठाऊक. मग एकदाचं सरकारी क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे मोरी, नळाला पाणी आलं तर आलं. पण चूल आपली होती. आता मेले तरी इथून हलायची नाही, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

समोरच्या क्वार्टरमध्ये अच्युतराव राहायचे. त्याच कचेरीतले. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेले, आणि ते बी.ए. काही केल्या त्यांना पचलं नव्हतं. कुणाची सून रडली की हिस्टेरिया. साहेब ओरडला की न्यूनगंड. लोक त्यांना हसायचे आणि घरी जाऊन तेच शब्द एकमेकांना चिकटवायचे.

त्या भाद्रपदात कॉलनीचा पहिला गणपती बसला. परमुलखातला पहिलाच, तेव्हा हौस काय विचारता! कार्यक्रमपत्रिका टाइप केलेलीच हवी. कचेरीतलं टाइपरायटरचं मशीन शनिवारी न विचारता घरी न्यायचं आणि सोमवारी मुकाट्यानं परत ठेवायचं, ही नागपूरची जुनी रीत. तिथे कुणी हटकत नसे. अच्युतरावांनी ती इथेही चालवली आणि सोबत गोपीनाथरावांना घेतलं. तलावाजवळच्या उतारावर तांग्यानं गचका खाल्ला आणि गोपीनाथरावांच्या मांडीवरचं मशीन रस्त्यावर आदळलं. सोमवारी दोघांनी ते तसंच, मोडकं, जागेवर नेऊन ठेवलं.

आळ आला करामतमियाँवर. नवाबी अमलापासूनचा म्हातारा टायपिस्ट, मशीन त्याच्या ताब्यातलं. त्याची नोकरी जाणार हे दिसायला लागलं, तसं गोपीनाथरावांना घास उतरेना. शेवटी एक दिवस ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मशीन मी आणि अच्युतरावांनी नेलं. पडलं माझ्या हातून."

झालं! संध्याकाळपर्यंत अच्युतरावांनी रोग शोधून काढला. "अपराधगंड! नागपूर सुटल्याचा धक्का, दुसरं काही नाही. अशी माणसं न केलेले गुन्हे कबूल करत सुटतात." कॉलनीनं माना डोलावल्या. साहेबांनाही ते पटलं. पटणारच, प्रकरण तिथल्या तिथे मिटत होतं.

मग अच्युतराव लीलावतीबाईंकडे आले. "वहिनी, रविवारी साहेब स्वतः येताहेत. तुम्ही एवढंच सांगा, हे हल्ली झोपत नाहीत, स्वतःशी पुटपुटतात. रजा मिळेल, क्वार्टर राहील. नाहीतर बस्तरला पाठवतील. मग बसा जंगलात!"

"आणि तो म्हातारा?"

"तो काय, आज ना उद्या घरी बसायचाच."

खोटं कशाला सांगा, बाईंना ते ऐकून बरंच वाटलं. माणूस आजारी असेल तर किती सोपं! त्याच्यावर चिडावं लागत नाही. आणि इथे आल्यापासून ते गप्प गप्प असतात, हे काही खोटं नव्हतं. खरंच काही असेल की काय?

रविवारी सकाळी गोपीनाथराव दाढी करत होते. बाईंनी विचारलं, "अहो, तुम्हाला काही होतंय का?"

"काय व्हायचंय?" त्यांनी गालावरचा साबण पुसला. "करायला नको होतं ते केलं. सांगायला हवं होतं ते सांगितलं. आता भूकही लागतेय."

बाईंना त्यांचा इतका राग आला की पोह्यांत मीठ दोनदा पडलं. माझा विचार केलात का, असं ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी पोह्यांची बशी तेवढी पुढ्यात आदळली.

साहेब आले, खुर्चीवर बसले, आणि फार मायेनं त्यांनी विचारलं, "बहनजी, इनकी तबीयत कब से ख़राब है?"

अच्युतराव दारात उभे होते. बाईंनी एकदा चुलीकडे पाहिलं. मग नागपुरी हिंदीत म्हणाल्या, "तबीयत को कुछ नहीं हुआ, साहेब. ये अच्छे हैं. मशीन इन्होंने ही गिराया. अच्युतराव साथ में थे."

"वहिनी!" अच्युतराव किंचाळले. "साहेब, पति की बीमारी पत्नी को भी लग गई!"

अच्युतरावांनी कानांवर हात ठेवले. तांगेवाला काही कुणाला सापडला नाही, त्यामुळे ते सुटले. करामतमियाँ आपल्या खुर्चीवर राहिले. गोपीनाथरावांच्या हातात पंधरवड्यात बस्तरचा हुकूम पडला.

ट्रंका पुन्हा निघाल्या. त्या बांधताना अच्युतरावांची बायको, नलिनीबाई, भीत भीत दाराशी आली. जाता जाता चार गोड शब्द बोलावेत, एवढाच बिचारीचा हेतू. हलक्या आवाजात म्हणाली, "आता कशी आहे हो त्यांची तब्येत?"

"उत्तम आहे," लीलावतीबाई म्हणाल्या. "तेच तर महागात पडलं. जरा या दोरीचं टोक धरता का?"