पाठ झालेला तक्ता

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. महिन्यातून एकदा उपकेंद्राच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा आशा-बाया मीटिंगला जमतो, नर्सताईला यायला तासभर उशीर होतो आणि तेवढ्यात पोतंभर किस्से निघतात. कुणाची बाळंतिणीला नेणारी जीप चढावर बंद पडलेली, कुणाच्या मागे गोळी नको म्हणणारा म्हातारा काठी घेऊन लागलेला! हसून हसून पोट दुखतं. आठ वर्षं हे किस्से पेशंटचे असायचे. गेल्या वर्षी माझाच झाला. तेव्हा हसू आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवात बुधा भगतापासून करायला हवी. पोशेऱ्याला आमच्या पाड्यावर देवाचं बघणारा म्हातारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दोन वर्षं मागे लागले होते. तो म्हणायचा, "माना दोन डोलं कशाला? देव बघाया यक पुरं हाय!"

शेवटी जीपमध्ये घालून जव्हारच्या शिबिरात नेलाच. तिथे तक्त्याची ड्युटी माझी. वीस फुटांवर तक्ता लावायचा आणि काठीने एकेक चिन्ह दाखवायचं. आमच्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून तक्त्यावर नुसती तीन पायांची चिन्हं. पाय कुणीकडे आहेत तेवढं सांगायचं. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे.

मी काठी ठेवली. "बाबा, पाय कुणीकडे?"

"मोखाड्याकडं."

"बाबा, उजवीकडे की डावीकडे ते सांग."

"सांगतां ना! ह्यो मोखाड्याकडं, ह्यो डहाणूकडं, ह्यो आभालाकडं!"

दिशा सगळ्या बरोबर. डॉक्टरांनी हसत लिहून घेतलं. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, म्हाताऱ्याने पहिलं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सुमन, तू म्हातारी झालीस गो!"

*

तक्ता एकच, आमच्या उपकेंद्राचा, आठ वर्षांचा; शिबिरालाही तोच नेतो. एक कोपरा उंदराने कुरतडलाय, त्याला भिमाताईने मागून वायरमनची लाल चिकटपट्टी लावली. भिमाताई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी आशा. तिच्यासमोर डॉक्टरही जपून बोलतात.

आठ वर्षांत तो तक्ता मला पाठ झाला. नाचणी झोडताना मी तालात म्हणायचे, "उजवा, खाली, डावा, वर!" भिमाताई चिडवायची, "शाळेत पाढं असं पाठ केलं असतंस तर आज कलेक्टर असतीस."

मलाही गंमतच वाटायची.

*

मग ती सकाळ आली. अंगणवाडीत पोरांचे दंड मोजत होते. दंडाला गुंडाळायची कागदी पट्टी असते, हिरवी, पिवळी, लाल. लाल आलं की पोर फार खंगलेलं, त्याला लगेच पुढे न्यायचं. आमच्याकडे त्या लाल रंगावर पोराचा जीव असतो.

मांडीवरच्या पोराने माझ्या उजव्या डोळ्यात बोट घातलं. पाणी आलं, डोळा मिटला आणि मी डाव्याने पट्टी बघायला गेले.

लाल पट्टी लाल नव्हती. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखी दिसत होती. पोराचं तोंड बघायला गेले तर तोंडाच्या जागी राखाडी डाग.

"काय आलं गं? लिहू?" अंगणवाडीताईने विचारलं.

उजवा डोळा पुसून उघडला. पट्टी लालभडक!

"लाल," मी म्हटलं.

त्या पोराला पुढे पाठवलं. स्वतःबद्दल मात्र कुणाला सांगितलं नाही. रोज उठलं की उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. आज दिसेल, उद्या दिसेल. चौथ्या दिवशी तारखांचे मोठे आकडेही गेले, सहाव्या दिवशी देवाचं चित्रही गेलं. डोळा फिरवला की आत ठणकायचं. मी घाबरले होते. दुसराही असाच गेला तर? आणि जिला लाल-पिवळं कळत नाही, तिच्या हातात पट्टी कोण देईल?

*

दहाव्या दिवशी जव्हारला शिबिर होतं. माझ्या यादीतले चौदा म्हातारे-म्हाताऱ्या घेऊन गेले. त्यांचं झाल्यावर धीर करून तपासणीवाल्या सरांना म्हटलं, "सर, माझाही डावा डोळा बघता?"

सर म्हणाले, "बसा." काठी भिमाताईच्या हातात गेली. मी उजवा डोळा झाकला.

समोर पांढरं धुकं होतं. भिमाताईने पहिल्या ओळीवर काठी ठेवली असावी, कारण काठी टेकल्याचा टक् असा आवाज आला. आणि माझं तोंड आपोआप चालू झालं! उजवा, खाली, डावा, वर. दुसरी ओळ. तिसरी. शेवटची बारीक ओळ, जी चांगल्या डोळ्यांच्या पोरांनाही धड येत नाही, तीसुद्धा. मागे रांग होती, ओळखीचे सगळे बघत होते. मला थांबताच आलं नाही.

सर खूश. "डोळा एकदम क्लिअर!" कागदावर सहावर सहा लिहून दिलं.

घरी येईपर्यंत मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग चुलीपुढे बसून कागद वाचायला घेतला आणि उजवा डोळा झाकला. कागद दिसला नाही. आता तर डोळा चांगला असल्याचा पुरावाच झाला होता!

*

सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. चहा कपाच्या बाहेर ओतणारी सून किती दिवस लपणार? त्या मला ओढत बुधा भगताकडे घेऊन गेल्या.

म्हाताऱ्याने सुपात तांदूळ टाकले. बघितले. बोटाने बाजूला केले, परत बघितले. सासूबाई हात जोडून बसलेल्या. वाघोबादेवाचं काही द्यायचं राहिलंय का, कुणाची नजर लागली का, त्यांनी सगळं विचारलं.

भगताने सूप खाली ठेवलं. "हे माझ्या हातचं नाय."

"मग कुणाच्या हातचं?" सासूबाई घाबरल्या.

"माना जीपमदी घालून नेला ना हिनं? हिला पन घाला जीपमदी!"

वर कोंबडाही घेतला नाही. सासूबाईंना तेच फार लागलं. कोंबडा न घेणारा भगत म्हणजे गोष्ट मोठी आहे, असं त्या वाटभर म्हणत राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मी लवकर गेले. भिमाताई एकटीच होती. म्हणाली, "बस त्या खुर्चीवर. उजवा झाक."

"ताई, झालंय माझं शिबिरात. कागद आहे."

"कागद ऱ्हाऊ दे. वाच."

तिने तक्ता भिंतीला लावला. टक्. मी वाचलं. टक्. मी वाचलं. सातही ओळी, एक चूक नाही. मग बराच वेळ टक् झालं नाही.

"सुमन," भिमाताई म्हणाली, "तक्ता उलटा लावलाय. ही मागची कोरी बाजू हाय."

मी हात खाली घेतला. उजव्या डोळ्याला दिसलं, पांढरा पुठ्ठा आणि त्याच्या शेजारी भिमाताई. ती रडत होती आणि मला शिव्या देत होती. आठ वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मग मीही रडले, मोठ्याने, लाज सोडून.

त्याच सकाळी मोखाड्याहून नाशिकची एसटी पकडली. मीटिंगची हजेरी भिमाताईने नर्सताईला फोनवरून सांगितली. "आम्ही दोघी हजर हाव, फकस्त नाशकाला!"

*

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी आधीचा कागद बघितला, मला बघितलं. "इथे तर सहावर सहा आहे."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं पाठांतर असतं तर मी परीक्षेत पहिली आले असते!" पण हसल्या नाहीत. टॉर्च घेतला. या डोळ्यावर, त्या डोळ्यावर, परत या डोळ्यावर. "बाहुलीला पाठ करता येत नाही बघा. उजेड पडला की तिने आकसायला हवं. ही डावी आकसत नाही."

मग ते मोठं मशीन. आत झोपवलं, भाताची गिरणी डोक्याशेजारी चालू असल्यासारखा आवाज. मी डोळे मिटून मनात तक्ता म्हणत राहिले, दुसरं काही येतच नव्हतं.

"डोळ्याची नस सुजलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूत काही दिसत नाही, ही चांगली गोष्ट."

"का सुजली?"

"ते आज सांगता येत नाही. कदाचित कधीच सांगता येणार नाही."

"नजर परत येईल?"

"बऱ्याच जणांची येते. तुम्ही उशीर केलाय, पण उपचार करू."

तीन दिवस सलाईनमधून औषध. भिमाताई उशाशी बसून होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "तुमच्या कोण या?" भिमाताई म्हणाली, "माझी पेशंट. लई खोटारडी हाय!"

*

परत आल्यावर मला झोप लागेना. दंड मोजलेली पोरं डोळ्यांपुढे यायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजली होती, पण माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. भिमाताईला म्हटलं, "सगळी परत मोजू. पट्टी तू वाच."

घरोघर गेलो. एकतीस पोरं. एक आजी वैतागली, "पंधरा दिसांपूर्वी मोजला ना? पोर काय रबराचा हाय?"

भिमाताई वाचत गेली, मी जुनी वही उघडून बघत गेले. हिरवं, हिरवं, पिवळं, हिरवं. एकही रंग चुकला नव्हता. शेवटचं घर त्या वैतागलेल्या आजीचं; तिच्या अंगणात मी वही मिटून खाली बसले. त्याच आजीने पाणी आणून दिलं.

डाव्या डोळ्यात मात्र धुकं होतं तसंच होतं. सहा आठवडे थांबा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी कॅलेंडर बघायचं सोडलं. सासूबाईंनी ते काढूनच टाकलं.

*

सहा आठवडे उलटल्यावर पुढची मीटिंग आली. नर्सताईला नेहमीप्रमाणे उशीर. ओट्यावर सगळ्या होत्या, पण किस्सा कुणी काढला नाही. बुधा भगतही कसलीशी गोळी मागायचं निमित्त करून येऊन बसला होता.

भिमाताईने खुर्ची ओढली. "बस. उजवा झाक."

मी तळहाताने डोळा घट्ट दाबला. वीस फुटांवर पांढरं काहीतरी हललं आणि भिंतीला टेकलं.

टक्.

तोंडात शब्द तयार होता. उजवा. मी तो गिळला.

"वाच गं," भिमाताई म्हणाली.

मी बघत राहिले. बराच वेळ लागला.

"ताई," मी म्हटलं, "कोरी बाजू आहे ही."

टक् झालं नाही.

"आणि कोपऱ्यातली लाल पट्टी सुटत आलीय. नवीन लाव."