पाच हातांची शाळा

“ये कमानां हैं क्या बुड्ढे के दांतां?”

ओव्हरसियर साहेब असे ओरडले की भीमेत डुंबणाऱ्या आमच्या गावच्या म्हशी घाबरून पलीकडच्या काठाला लागल्या. त्या सोलापूर जिल्ह्यात शिरल्या त्या अजून परतल्या नाहीत, असं आमच्याकडं सांगतात. सांगणारा मीच.

साहेबांच्या हातात हैदराबादेहून आणलेला नकाशा. त्यात शाळेच्या ओसरीला पाच कमानी, पाचही सारख्या, आणि मधलीच्या नेमकं मागं दार. साहेबांनी ‘ठीक’ म्हणून सही केली तर शाळा आमच्या गावाला, नाहीतर ती चालली करजगीला. आणि शाळेमागं मास्तर, म्हणजे मी. दोन वर्षं मठाच्या ओसरीत पोरं कोंबून मी या इमारतीची वाट बघितलेली. त्या दिवशी पाय काही केल्या एका जागी ठरेनात. शाळेभोवती इतक्या चकरा मारल्या की गाडीवाट पडली असेल.

आमच्याकडं घर बांधायचं तर मालकाच्या हातानं मोजतात. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत काठी तोडायची, त्याच काठीवर सगळं घर उभं करायचं. पाया खोदताना मिस्त्रीअण्णांनी मला विचारलेलं, या घराचा मालक कोण. निजामाचा अंमल नुकताच उठलेला, माझ्या अंगात भाषण भिनलेलं. मी सांगून टाकलं, सगळं गाव मालक. तेवढ्यानं त्यांचं भागेना, म्हणून माणसं मोजून दाखवली: पाटील, सुतार, मुल्लाजी, वाणी आणि म्हातारी सुईण.

अण्णांनी पाच काठ्या तोडल्या. एका काठीची एक कमान, ज्याच्या त्याच्या हातानं चार हात रुंद. पाटलाचा हात एवढा लांब की बसल्या जागेवरून शेजारच्या ताटातली भाकरी उचलावी. त्याच्या कमानीतून बैलगाडी गेली असती. सुईणीच्या कमानीतून शेळी, तीही तिरकी. थोरल्या कमानींनी बाकीच्यांना रेटलं आणि दाराच्या बरोबर समोर खांब येऊन उभा राहिला. मला दिसत नव्हतं असं नाही. पण पाचही मालक रोज संध्याकाळी आपापल्या कमानीत उभे राहून मिशीला पीळ देत. सुईणसुद्धा. मग मी कशाला तोंड उघडतोय?

साहेबांनी टेप लावला. आत जायला गेले ते खांबाला कपाळ लागलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. पाचही पाडा, टेपानं बांधा, म्हणाले. औंदा शाळा करजगीला.

जीपचा धुरळा बसायच्या आत मी अण्णांवर धावून गेलो.

“अण्णा, कामून केलासा असं? एका शब्दानं सांगायचं न्हाई व्हय?”

अण्णा थापी धूत होते.

“मी मालक इचारलो होतो, मास्तर. तुम्ही पाच सांगितलासा.”