हरिदास मेकॅनिकच्या गाडीतली बॅटरी

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं बॅटऱ्यांचं काम केलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीची बॅटरी निवडता आली नाही, असं सांगितलं तर समुद्रपुरात कुणी विश्वास ठेवला नसता. हरिदास मेकॅनिकला स्वतःलाच ते पचायला आठवडा लागला.

२००५ साली निवृत्त झाल्यावर त्यानं एक जुनी मेटॅडोर घेतली. आत समोरासमोर दोन बाकं ठोकली, त्यांवर गाद्या घातल्या, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, वर एक पंखा लावला. गल्लीनं आधी टिंगल केली, मग एकेकानं आत बसून पाहिलं आणि टिंगल थांबली.

ही सारी खटपट कमलाबाईसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी होती. दर हिवाळ्यात विहारातून बुद्धगयेला गाडी निघायची. कमलाबाई जाणाऱ्यांना डबाभर शंकरपाळे करून द्यायची, गाडी वळेपर्यंत हात हलवायची आणि घरी परतायची. तिला दमा होता. दिवसातून तीनदा मशीनची वाफ घ्यावी लागे आणि मशीनला वीज लागे. अकरा वर्षांत ती एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. मयुरीच्या, सख्ख्या लेकीच्या बाळंतपणालाही नाही. तेव्हा गाडीत इंजिनापासून वेगळी बॅटरी ठेवायची, तिच्यावर इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर कमलाबाईचं मशीन, असा हरिदासचा बेत होता.

बॅटरी पारखायची डेपोत एकच रीत. थंड इंजिनाला जोडायची आणि सेल्फ मारत राहायचं. दहा वेळा न अडखळता इंजिन फिरवलं की बॅटरी पास. हरिदासनं बसच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि सगळ्या गल्लीदेखत सेल्फ मारला. एकीनं चौदा वेळा फिरवलं, दुसरीनं पंधरा. हरिदासनं मिशीवरून हात फिरवला.

कमलाबाई मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती म्हणाली, "अगोदर तीन दिवस आंगनातच मुक्काम करू. मंग पाहू गयेचं."

पहिले दोन दिवस सहलीसारखे गेले. गाडीतच चहा, गाडीतच वरण-भात. रात्री घरच्या विजेवर बॅटऱ्या भरून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वाफ घेता घेता मशीन कण्हलं आणि बंद पडलं. घरात दहापासून लोडशेडिंग. कमलाबाईला बोलता येईना, ती नुसता हात हलवत होती. हरिदासनं इंजिन चालू केलं, इंजिनाच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरला वायरी ओढल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. इतका तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

श्वास जागेवर आल्यावर कमलाबाई शांतपणे म्हणाली, "तुमी जा बुद्धगयेले. माह्या नावानं फूल वाहून येजा. मी घरीच बरी." तिनं आपली गादी गुंडाळली आणि ती घरात निघून गेली. ती रागावली असती तर हरिदासला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या घेऊन त्यानं हिंगणघाट गाठलं. तिथल्या भैय्याजींच्या दुकानातूनच त्यानं त्या घेतल्या होत्या. "डुप्लिकेट माल देला तुमी मले," हरिदास दारातूनच कडाडला. भैय्याजींनी आधी चहा सांगितला, मग बॅटऱ्या तपासल्या.

"याच्यावर काय चालवता?"

"पंखा, लाइट अन् बाईचं मशीन. दिवसभर."

"मंग बॅटरीचा काय दोष, हरिदासजी? हा शंकरपटाचा, शर्यतीचा बैल हाय. एका मिन्टात धुराळा उडवते. तुमी त्याले दिवसभर वखराले जुंपला."

भैय्याजींनी कोपऱ्यातली एक उंच, बोजड बॅटरी दाखवली. घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती. आत जाड पट्ट्या. हळूहळू वीज देते, पण तासन् तास देते. अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही, उतरायच्या आत पुन्हा भरायची, एवढंच तिचं पथ्य.

हरिदासनं ती आणली आणि आणल्या आणल्या काय केलं, तर थंड इंजिनाला जोडून सेल्फ मारला. जित्याची खोड! पाचव्यांदाच बॅटरी कुंथली. "नापास," तो पुटपुटला आणि परत न्यायला दोरी शोधू लागला.

कमलाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. दोन दिवसांत ती गाडीकडे फिरकली नव्हती. आता तिच्यानं राहवलं नाही. "काऊन हो, मले का इंजिन फिरवाचं हाय? माह्यं मशीन चालवून पाहा ना."

हरिदासनं दोरी खाली टाकली. मग त्याला हसू आलं, अगदी पोटातून.

दिवस उजाडताच त्यानं पंखा आणि लाइट लावला. मशीनमध्ये साधं पाणी घालून तेही तीनदा चालवलं. दर दोन तासांनी बॅटरीतलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून ती किती उतरली याचं तो रीडिंग घ्यायचा आणि खडूनं भिंतीवर लिहायचा. दिवस मावळला तरी बॅटरी अर्ध्याच्या वरच होती. रात्री ती पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चार्ज होताना ॲसिडचा वास सुटतो, तो तिच्या छातीला सोसणार नाही, म्हणून बॅटरी त्यानं गाडीच्या बाहेर, तळाला लोखंडी पेटीत बसवली. चौथ्या दिवशी कमलाबाईनं गादी आणून बाकावर टाकली. हरिदासच्या छातीवरचा धोंडा उतरला.

फेब्रुवारीत ते निघाले. दिवसभर गाडी धावे तेव्हा बॅटरी पुन्हा भरून निघे. पाचव्या दिवशी पहाटे बुद्धगयेच्या थंडीनं कमलाबाईला धाप लागली. हरिदासनं बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागलं, आणि तो बाहेर पायरीवर बसून कान देऊन ऐकत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आवाज जराही खाली आला नाही. मग आवाज थांबला, तो वाफ घेऊन झाली म्हणून.

कमलाबाई पांढरं लुगडं नेसून, हातात फुलं घेऊन खाली उतरली, तेव्हा हरिदास गुडघ्यांत डोकं घालून रडत होता.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चाला ना आता," ती म्हणाली. "माह्यं फूल मलेच वाह्याचं हाय."