ओडिलच्या घराचं दार

कोर्ट्रेक शहराच्या बाजूला, मुलूख जिंकून बसलेल्या जर्मनांच्या विमानतळाला लागून एक गाव होतं. तिथल्या चर्चची सगळी पडेल ती कामं ओडिल फान्डेमाले करायचा. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, मेलेल्यांसाठी खड्डे खणायचे. पहिल्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी जर्मनांनी घंटाच वितळवायला नेली. तेव्हापासून वाजवायचं काम सुटलं आणि खणायचं वाढलं. स्वभावानं माणूस इतका गरीब, की बायको सिडोनी म्हणायची, "तुमच्या अंगावरून गाडी गेली तरी तुम्ही गाडीवानालाच विचाराल, लागलं नाही ना, बाबा?"

त्यांना एकच मुलगी, गोडेलिव्ह. वैमानिकांचे कपडे धुवायचं काम तिच्याकडे होतं. नाही म्हणायची सोय नव्हती आणि बदल्यात पाव मिळायचा. शर्टाच्या कॉलरला ती अशी खळ द्यायची, की साहेबलोक एकमेकांना मान ताठ करून दाखवायचे.

ऑगस्टातल्या एका सकाळी एक इंग्रज विमान वाट चुकून आत आलं. दोन जर्मन विमानं त्याच्यावर तुटून पडली. इंग्रज पेटला, गिरक्या घेत खाली आला आणि नेमका ओडिलच्या परसातल्या धुण्याच्या खोपटावर कोसळला. गोडेलिव्ह आत होती. शेजाऱ्यांनी धरून ठेवलं नसतं तर सिडोनीही आत गेली असती.

अजून धूर निघत होता, तेवढ्यात मोटारीतून दोन वैमानिक आले. एक होल्टकांप, दुसरा ब्रेमेकर. मेलेल्या इंग्रजासमोर दोघांनी टोप्या काढल्या. मग तिथेच जुंपली.

"टाकी माझ्या गोळ्यांनी पेटली," होल्टकांप म्हणाला.

"तू आलास तेव्हा ते पेटलेलंच होतं. आयत्या बिळावर नागोबा!"

"मग एवढा वेळ काय करत होतास, नुसत्या घिरट्या?"

जर्मनांच्यात पाडलेल्या विमानाला एकाच वैमानिकाचं नाव लागतं, अर्धं अर्धं चालत नाही. होल्टकांपला पदकासाठी एकच विमान कमी पडत होतं, त्यामुळे तो इरेला पेटला होता. ओडिल त्यांच्यामधून पाण्याच्या बादल्या नेत होता. त्याला वाट देण्यापुरते ते बाजूला सरकत आणि पुन्हा भांडू लागत.

आता पोरीला पुरायला पेटी हवी होती. गावातली फळी न् फळी सरकारजमा झालेली. लाकूड होतं फक्त विमानतळावरच्या सुतारशिपायाकडे. ओडिल त्याच्याकडे गेला.

"दिलं असतं रे बाबा," सुतार म्हणाला, "पण आमच्यात रीत आहे. ज्यानं पाडलं त्यानं पुरायचं. पेटी, फुलं, सगळं त्याच्याच शब्दावर निघतं. इंग्रजाची पेटी दोघांनीही सांगितलीय, ओकची हवी म्हणून. तुझ्या पोरीचं कुणी काही बोललं नाही. तू जाऊन विचार ना."

ओडिल विचारायला गेला. होल्टकांप कॉफी पीत बसला होता.

"वाईट झालं, फार वाईट झालं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "पण तो ब्रेमेकर म्हणतोय ना, की विमान त्यानं पाडलं? मग फळ्याही त्यालाच माग."

ओडिल ब्रेमेकरकडे गेला. त्यानं मान वर केली नाही. "अजून वरून निकाल कुठे आलाय? निकाल लागेपर्यंत विमान माझं नाही. मी कोणत्या तोंडानं हुकूम देऊ?"

"पण साहेब, सकाळी तर तुम्ही म्हणत होतात..."

"ते विमानाचं, म्हातारबा."

ओडिल पुन्हा होल्टकांपकडे गेला, तर तो उडून गेला होता. दिवस उन्हाळ्याचे, पोरगी घरात ठेवणं शक्य नव्हतं. संध्याकाळी ओडिलनं घराचं पुढचं दार काढलं, त्याच्या फळ्या सुट्या केल्या आणि पेटी ठोकली. सिडोनी खिळे हातात देत होती.

"आता थंडीत काय करायचं हो?" तिनं एकदाच विचारलं. ओडिलनं पुढच्या खिळ्यासाठी हात पुढे केला. सकाळी पाद्रीबाबांनी घाईघाईत चार शब्द म्हटले आणि गोडेलिव्ह मातीत गेली. विमानतळावरून कुणी फिरकलं नाही.

निकाल तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. विमान होल्टकांपच्या नावावर लागलं. त्याच दुपारी इंग्रजाला मोठ्या इतमामानं दफनभूमीत आणलं. ओकची पेटी, बंदुकीच्या फैरी, 'शूर शत्रूस' असं लिहिलेली रेशमी फीत. होल्टकांपच्या गळ्याशी पांढरीशुभ्र कॉलर होती. ती खळ कुणाच्या हातची हे ओडिलला लांबूनच ओळखू आलं.

आदल्या दिवशी जर्मनांनीच पलीकडे इंग्रजांच्या हद्दीत विमानातून चिठ्ठी टाकून अंत्यविधीची वेळ कळवली होती. त्याप्रमाणे एक इंग्रज विमान आलं. त्याच्यावर कुणीही बंदूक उचलली नाही. त्यानं खाली येऊन फुलांचं एक चक्र टाकलं आणि ते पंख हलवून निघून गेलं. वाऱ्यानं ते चक्र भरकटलं आणि कोपऱ्यातल्या ओल्या ढिगावर, गोडेलिव्हच्या मातीवर पडलं.

सिडोनी तिथेच बसली होती. तिनं दोन्ही हात त्यावर ठेवले.

"ओडिल," विमानतळावरचा कॅप्टन हळू आवाजात, अदबीनं म्हणाला, "तेवढं इकडे आण. चुकून तिकडे पडलंय."

ओडिल बायकोपाशी गेला. "सोड गं."

"राहू द्या ना. वरून आलंय. कुणीतरी दिलंय तिला."

"तिचं नाही गं ते."

"मग तिचं काय?"

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. चक्र घेऊन तो इंग्रजाच्या खड्ड्यापाशी आला आणि होल्टकांपच्या हातात देताना, आयुष्यात पहिल्यांदाच, साहेबाच्या डोळ्यांत बघून बोलला.

"साहेब, आता ठरलं ना? विमान तुमचं?"

"हो."

"मग माझी पोरगीही तुमच्याच नावावर ना?"

होल्टकांपचा चेहरा उतरला. त्यानं ब्रेमेकरकडे पाहिलं. ब्रेमेकर बुटांकडे बघत होता. कॅप्टननं खूण केली, शिपायांनी आणखी एक फैर झाडली आणि सगळे मोटारींकडे निघाले.

ओडिलनं फावडं उचललं आणि तो इंग्रजावर माती लोटायला लागला. ते त्याचंच काम होतं.