मामाजींचं मडकं

माझे सासरे पाणी लगेच गिळत नसत. आधी ते तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, आणि मग एक तर गिळायचे नाही तर थुंकायचे. आमच्या गावात आले की थुंकायचेच. गावात त्यांना पाठीमागे थुंके पाटील म्हणत. मी मामाजी म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

मामाजी वलगावचे, गोड्या पाण्याचे. आमचं गाव पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर दुपारीही दाताखाली कचकचते. रिठ्याला फेस येत नाही. धुतलेलं धोतर वाळलं की पापडासारखं कडक होतं. हंड्याच्या काठाला पांढरा थर धरतो आणि बायका तो विटेच्या तुकड्याने खरवडत बसतात. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. जन्मापासून जे प्यालो तेच आमचं पाणी. उलट वलगावचं पाणी मला अळणी लागायचं. हे मी एकदा मामाजींना बोलून दाखवलं तेव्हा आजारी बैलाकडे पाहावं तसे ते माझ्याकडे पाहत राहिले.

सोयरिकीच्या वेळी ते घर पाहायला आले. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या कपाशीला कधी नव्हे तो भाव चढला होता. कालपर्यंत मी दुसऱ्याची बैलबंडी हाकत होतो. आता दलाली करत होतो, माझ्या स्वतःच्या बंड्या अमरावतीला जात होत्या. मला कुणी हात धरून वर आणलं नव्हतं. घर नवं, बैल नवे, ओसरीवर चार प्रतिष्ठित मंडळी. मामाजींनी यातलं काही पाहिलं नाही. विहिरीचं पाणी मागवलं, घोळवलं आणि सगळ्यांच्या देखत अंगणात थुंकले.

"थू! याच पान्यात माही पोरगी डाळ शिजवीन?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "पाटील, पाणी पाहायला आलात की माणूस?"

"मानूस पाह्यला. तेज आहे. पन कापसाचा भाव उतरते जवाई, पानी थेच राह्यते."

एवढं बोलून त्यांनी मुलगी दिली. का दिली, हे मला कधी कळलं नाही. पण चार माणसांत उडालेली ती थुंकी माझ्या अंगणात माझ्यापुरती कधी वाळली नाही.

लग्नानंतर ते यायचे ते बंडीखाली स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचं मडकं टांगून. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, हा रिवाजच आहे, म्हणून मला बोलता येत नव्हतं. मी आतल्या आत धुमसत राहिलो. शेवटी नवी विहीर खणायला घेतली. शेजारच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, बापा, खोल जाऊ नको. मी ऐकतो कसला! इतरांच्या विहिरीपेक्षा माझी खोल हवी. काळ्या दगडाने बांधून काढली, नारळ फोडला आणि मामाजींना मुद्दाम बोलावणं धाडलं. आमच्याकडे जितकं खोल जावं तितकं पाणी खारं होत जातं. मामाजींनी घोट घेतला आणि थुंकण्याआधी त्यांना चक्क हसू आलं.

"अरे बाप्पा! लोकं मीठ घ्याले बाजारात जाते, तुमी घरीच खान उघडली."

पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी गेली. मुलगा झाला. महिने गेले तरी मामाजी तिला पाठवायचं नाव काढीनात. निरोपामागून निरोप धाडले. शेवटी मी स्वतः वलगावला जाऊन ओट्यावर चढलो आणि आवाज चढवला, "माझी बायको, माझा मुलगा. अडवणारे तुम्ही कोण?"

मामाजींनी लेकीला हाक मारली, "इकडे ये बाई. पदर काढ."

तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. लग्नात मनगटाएवढी वेणी होती. माझ्या घरी ती करंगळीएवढी झाली होती, केसांच्या जटा झाल्या होत्या, आणि मी ते रोज पाहूनही पाहिलं नव्हतं. माहेरच्या पाण्याने आता कपाळाशी नवे, मऊ केस फुटत होते. मामाजी म्हणाले, "आता याच्यावर बोला."

मी ओट्यावर खाली बसलो. ते माझ्याजवळ सरकून बसले आणि त्यांनी उपरणं आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. कापसाच्या बाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबून सांगायचा. दारातल्या बायकांना वाटलं, सासरा-जावई समेट करतायत. मामाजी कानाशी पुटपुटले, "तुमच्या बंड्या भरून अमरावतीले जाते अन् खाली वापस येते. वापस येतानी इथं थांबवाच्या. दर बंडीमागं माह्या विहिरीच्या इतक्या घागरी." आणि त्यांनी माझी पाच बोटं दाबली.

"मी फुकटचं घेत नाही."

"जवायाले नाही देऊन राहिलो. नातवाले देऊन राहिलो."

मी पाच आनंदाने घेतल्या असत्या, पण सौदा आहे म्हटल्यावर मागे कसा हटेन? मी म्हणालो, "मंजूर. पण आता नातू झाला, रिवाज संपला. तुम्ही माझ्या घरी पाणी प्यायचं."

उपरण्याखालचा हात चटकन निघून गेला. "थे सौद्यात नाही."

बायको परत आली. बंड्यांवरून गोडं पाणी येऊ लागलं. आमच्या घरात पहिल्यांदा वरण म्हणावं असं वरण झालं. वलगावला बंडी थांबली की मामाजी स्वतः विहिरीवर उभे राहत, घागरीच्या तोंडाला फडकं बांधून घेत, गाडीवानाला दम देत, "हिंदकळली तं तुह्या मालकाले नाही, मले सांगा लागन!" आणि इतकं करून आमच्याकडे आले की पुन्हा आपलं ते मडकं. मी चिडून विचारलं, "आता तर घरात तुमच्याच विहिरीचं पाणी आहे. ते काहून नाही पीत?"

"माह्यंच पानी पिऊन तुमचा पाहुनचार कसा होईन? तुमचं आना."

मी धावत जाऊन आमच्या विहिरीचं आणलं. त्यांनी मन लावून घोळवलं.

थू.

पुढे ती लढाई संपली आणि भाव कोसळला. ज्यांना मी व्यापारी केलं ते रस्ता बदलून जाऊ लागले. माझ्या बंड्या विकल्या गेल्या, अमरावतीच्या खेपा थांबल्या. आता गोडं पाणीही बंद, असं मी धरून चाललो. बायकोला तसं सांगूनही टाकलं. ती पुन्हा चुलीवर डाळ लवकर चढवू लागली. आणि एक दिवस दारात वलगावची बंडी. मामाजींची स्वतःची. घागरींना फडकी बांधलेली. कापसाच्या भावाबद्दल ते मला आधीच म्हणाले होते. त्या दिवशी "मी म्हनलो होतो" एवढे तीन शब्द बोलले असते, तर मी बंडी तशीच परत फिरवली असती. ते बोलले नाहीत. म्हणाले, "उतरून घ्या लवकर, ऊन लागून पानी तपते."

शेवटचे आले तेव्हा त्यांना बंडीतून दोघांनी धरून उतरवावं लागलं. ओसरीवर टेकले, मडकं उशाशी. नातू मांडीवर. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामाजी, एक घोट. तुम्ही माझं सगळं सांभाळलंत, एवढा एक घोट मात्र गिळला नाही. लोक अजून हसतात मला."

त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी उपरणं पुढे केलं. मी त्याखाली हात घातला. त्यांनी माझं एकच बोट दाबलं.

"जित्तेपनी नाही जमत, जवाई. जीभच आइकत नाही. मेल्यावर हा नातू पाजीन, तवा पीन. तुमच्याच विहिरीचं ठेवजा. पक्का सौदा."

त्यांच्या बोटांत जोर राहिला नव्हता.

उन्हाळ्यात ते गेले. नवरात्राच्या पहिल्या दिवशी, बाप जिवंत असलेल्या नातवाने आईच्या बापाला पाणी द्यायचं असतं. बायकोने पाटाशी गोड्या पाण्याचा तांब्या ठेवला होता. तो मी उचलून आत ठेवला आणि माझ्या विहिरीचं पाणी शेंदून आणलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सौदा आहे." ती सरकून बसली.

मुलाच्या ओंजळीतून, अंगठ्याच्या बाजूने, पाणी ताम्हनात पडलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी मान अंगणाकडे वळवून ऐकत बसलो होतो. मुलाने विचारलं, "बाबा, झालं का?"

"थांब," मी म्हणालो.

अंगणात कुणी थुंकलं नाही.