अक्कलकाऱ्याची बोंडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला सांगायचं होतं — ती मागच्या महिन्यात गेली.

ऐंशीनंतरची वर्षं. मी चंद्रपूरला डी.एड. करत होते. सुटीत गावी आले तर धाकट्या बबनचा गाल सुजलेला. दाढ किडली होती. दाढेपेक्षा त्याला सुईची भीती जास्त. दवाखान्यात त्याला मीच नेणार होते, म्हणून आईने परसातल्या अक्कलकाऱ्याची पिवळी बोंडं ओल्या फडक्यात बांधून दिली.

"आपल्या दातानं चाव, अन् तो चोथा त्याच्या हिरडीले लाव. लाळ गळते, गळू दे. मंग सुई टोचली तरी त्याले समजत नाई."

आमच्याकडे लहान लेकरांना असंच देतात — घरच्या कुणीतरी आधी चावून. चावणाऱ्याची जीभ बधिर होते, तोंडाला नुसती धार लागते.

डॉक्टरांनी बबनचं नाव, वय विचारलं. मी पुस्तकातल्या मराठीत उत्तरं दिली. "शिकलेल्या दिसता," ते म्हणाले. एवढंच. यानंतर मी त्यांच्यासमोर बोंडं चघळत लाळ गाळायची? फडकं मी पिशवीतून काढलंच नाही. पाठमोरी झाले आणि नुसतं बोट बबनच्या हिरडीवरून फिरवलं.

"ताई, लावलं न?"

"लावलं."

त्याने लगेच तोंड उघडलं. सुई टोचली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो ओरडलाही नाही — माझ्याकडे बघत राहिला.

राग मात्र त्याने घरी येऊन आईवर काढला. "तू खोटी बोलली. तुहं औषध काई कामाचं नाई." आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "नीट चावलं होतंस न?" मी हो म्हणाले. "मंग मीच जून बोंडं तोडली असतील," ती म्हणाली.

पुढे शेजारीण लेकराला घेऊन बोंडं मागायला आली, तर आईने तिला परत पाठवलं. "नको बाई. आमच्याच पोराले लागू पडलं नाई." मी तिथेच वाचत बसले होते.

ती बोंडं लागू पडली असती का? माहीत नाही. सुईपुढे कमीच पडली असती कदाचित. पण मी ती लावलीच नव्हती — हे तिला कुठे ठाऊक होतं?

आईच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीसाठी सगळे जमले तेव्हा, बबन चार शब्द बोलायला उभा राहिला. "आईनं मले जन्मात एकदाच फसवलं," तो म्हणाला, आणि दाढेची गोष्ट सांगितली. लोक ओल्या डोळ्यांनी हसले.

मीही हसले.