बोटांना कळेनासं झालं तेव्हा

"कुठली बोटं बधिर होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

मी उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट दाखवलं. अंधेरीतल्या त्या हाताच्या डॉक्टरांनी माझ्या मनगटावर दोन-तीनदा टकटक केलं. मधल्या बोटाच्या टोकापर्यंत करंट गेला. त्यांनी समोरचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, "कार्पल टनेल सिंड्रोम आहे. बराच पुढे गेलाय. काम काय करता तुम्ही?"

"लेबर रूममध्ये सिस्टर आहे. बावीस वर्षं झाली."

"म्हणजे आतली तपासणी..."

"यातल्याच दोन बोटांनी," मी म्हटलं.

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. शेजारी माझा नवरा मिलिंद बसला होता. त्याला वाटत होतं, मनगटाचं दुखणं आहे, पट्टा बांधला की जाईल.

हे नाव नवीन असेल तर सांगते. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून मीडियन नर्व्ह नावाची नस बोटांकडे जाते. बोगद्यात सूज आली की ती दाबली जाते. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात. करंगळीला काही होत नाही, म्हणून आपण बराच काळ मनावर घेत नाही.

मी तर नर्स असून मनावर घेतलं नव्हतं. सकाळी उठले की हात जड असायचा. दोन-चारदा झटकला की बरं वाटायचं. मग युनिफॉर्मची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली. भाकरी थापताना कडा जाड राहायला लागल्या. "वय झालं माझं," असं म्हणून मी स्वतःच बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तिला चांगलंच झापलं असतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाई बाळंतपणासाठी येते तेव्हा गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय हे बाहेरून दिसत नाही. ग्लोव्हज घालून दोन बोटांनी आतून चाचपून बघावं लागतं. पूर्ण उघडलं की दहा सेंटिमीटर. हे शिकताना आमच्या जुन्या इनचार्ज सिस्टरनी आमच्यापुढे निरनिराळ्या बाटल्यांची नि डब्यांची झाकणं मांडली होती. डोळे मिटायचे, झाकणात बोटं फाकवायची आणि आकडा सांगायचा. महिनाभर आम्ही तेच करत होतो.

घाटकोपरच्या आमच्या प्रसूतिगृहात माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं, वंदना सिस्टरचा हात हलका आहे. बाया मला मागून घ्यायच्या. कळ ओसरेपर्यंत थांबायचं, आधी सांगायचं, मग हळूच बघायचं, आणि गरज नसताना पुन्हा पुन्हा बघायचं नाही, कारण दर खेपेला जंतू आत जायची भीती असते. हे सगळं मी न चुकता करायचे. त्याचा मला गर्वही होता.

बोटं बधिर व्हायला लागली तशी मी जास्त दाबून बघायला लागले. एकदा बघून खात्री पटायची नाही, म्हणून अर्ध्या तासात पुन्हा. बाया कण्हायच्या. मला वाटायचं, हल्लीच्या मुलींना काही सहनच होत नाही.

मग रेश्मा आली. साकीनाक्याला राहणारी, तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. तिसऱ्यांदा तपासलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "सिस्टर, सकाळी त्या दुसऱ्या सिस्टरनी बघितलं तेव्हा एवढं दुखलं नव्हतं."

"आता कळा वाढल्यात ना गं," मी म्हटलं. दुपारी पुन्हा बघितलं. मला गर्भाशयाच्या तोंडाची कडा कुठेच लागली नाही. मी सांगितलं, पूर्ण उघडलंय, आता कळ आली की जोर लाव.

वीस मिनिटं तिने जीव तोडून जोर लावला. बाळ तसूभरही खाली सरकेना. माझ्याबरोबर ज्योती होती, दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "वंदनाताई, मला सातच वाटतायत. पुढची कडा जाड लागतेय. तुम्ही परत बघता का?"

मी ग्लोव्हज बदलले. रेश्माला विचारून पुन्हा बोटं घातली. आत काय आहे ते मला कळत नव्हतं. ऊब कळत होती, दाब कळत होता. कडा नव्हती म्हणून लागत नव्हती की बोटांनाच लागत नव्हती, हे मला सांगता येईना.

"ज्योती, मला कळत नाहीये," मी म्हटलं. "डॉक्टर मॅडमना बोलव."

मॅडमनी तपासलं. सातच होते. तोंड पुरतं उघडायच्या आधी जोर लावला तर ते सुजतं, कधी फाटतंही. रेश्माचं थोडं सुजलं होतं. तिला कुशीवर वळवलं, जोर थांबवायला सांगितलं, बाळाचे ठोके सतत बघत राहिलो. मी तिच्या उशाशी उभी होते. तीन तासांनी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन मी तिला खरं सांगितलं. "काल तुला जोर लावायला सांगितलं ना, ती चूक माझी होती. माझ्या हाताला काहीतरी झालंय."

मला वाटलं, चिडेल, तक्रार करेल. तो तिचा हक्क होता. ती म्हणाली, "मला तर वाटलं, मलाच नीट जमत नाहीये. रात्रभर तेच डोक्यात होतं. माझ्यामुळे पोरीला काही झालं असतं तर?"

त्याच दिवशी मी आमच्या मेट्रनना झालेलं सगळं लिहून दिलं आणि तपासणीचं काम थांबवलं.

अंधेरीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगण्याआधी मला एन.सी.व्ही. टेस्टला पाठवलं होतं; त्यांच्या समोरचा रिपोर्ट तोच. यात नसेतून छोटे विजेचे झटके देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. तासभर बाकावर बसून नंबर आला. तिथल्या टेक्निशियनने न सांगताच झटका दिला. मी ओरडले.

"हलू नका ना मॅडम, परत करावं लागेल," तो म्हणाला. वाईट नव्हता तो. बाहेर वीस माणसं बसली होती. पण हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले असेन, याचा हिशेब मला लागेना.

ऑपरेशन छोटं होतं. हात बधिर करून मनगटाजवळ छेद देतात आणि बोगद्याचं छत, म्हणजे नसेवरचा जाड पट्टा, मोकळा करतात. संध्याकाळी घरी सोडलं. मी विचारलं, "बोटं परत येतील?"

डॉक्टर म्हणाले, "मुंग्या जातील. स्पर्श किती येईल ते आज सांगू शकत नाही. नस फार दिवस दाबली गेली होती. सहा महिने वाट बघू."

त्या सहा महिन्यांत मी रोज तांदळाच्या परातीत हात घालून डोळे मिटून बटण, वाटाणा, सेफ्टी पिन ओळखत बसायचे. मिलिंद वस्तू लपवून ठेवायचा. एकदा मी तीनदा चुकले आणि परात ढकलून दिली. तांदूळ घरभर झाले. तो खाली बसून तांदूळ भरायला लागला. मी म्हटलं, "तुला कळतंय का? मला दुसरं काही येत नाही रे." तो म्हणाला, "मला लेबर रूममधलं काय कळणार? पण इतक्या वर्षांत तू घरी येऊन बोटांबद्दल कधी बोलली नाहीस. बायांबद्दलच बोलायचीस."

अंगठा परतला. शेजारचं बोट बरंचसं आलं. मधलं बोट अजून मोजा घातल्यासारखं आहे, आणि आता ते तसंच राहणार.

मेट्रनना मी स्पष्ट सांगितलं, यापुढे मी आतली तपासणी करणार नाही. स्टोअरला टाकतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लेबर रूममध्येच थांबा. नव्या मुलींना शिकवा."

आता मी बाईच्या उशाशी असते. पोटावर तळहात ठेवून कळ मोजते, कारण तळव्याचा स्पर्श शाबूत आहे. आवाज कसा बदलतो, श्वास कसा बदलतो, हे ऐकते. पुष्कळदा कळतं की आता तपासायची गरजच नाही.

हे वाचणाऱ्या, शिवणकाम, स्वयंपाक, कॉम्प्युटर करणाऱ्या बायांना एवढंच सांगते, सकाळी हात झटकावा लागत असेल तर लवकर दाखवा. आणि बाळंतपणाला जाणार असाल तर विचारायला लाजू नका. कशासाठी बघताय, किती वेळ लागेल, आत्ताच बघायला हवं का. दुखलं तर सांगा. ते तुमचं नाटक नसतं.

गेल्या आठवड्यात मढची एक बाई आली होती, दुसरी खेप. ज्योतीने तिला विचारलं, तिने होकार दिला, आणि तपासणी सुरू झाल्या झाल्या ती म्हणाली, "थांब, थांब." बाळाचे ठोके छान होते, घाई काहीच नव्हती. ज्योतीने लगेच हात बाहेर घेतला आणि दोन पावलं मागे उभी राहिली. पंख्याचा आवाज येत होता. बाईने डोळे मिटले, दोन-तीन लांब श्वास घेतले, गुडघे आपणहून सैल सोडले.

"हां," ती म्हणाली. "आता बघ."

हलक्या हाताची म्हणून नाव असलेल्या मला बावीस वर्षांत एकाही बाईने "आता बघ" असं म्हटलं नव्हतं. म्हणणार कशी? मी सुरुवातीला थांबायचे. एकदा हात लावल्यावर मात्र काम पुरं करूनच बाहेर घ्यायचे.